देणं कुणाचं? कल्याणकारी योजनांच्या सुधारणेत हरवलेला प्रश्न

(काळेवाडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

काळेवाडी, विजयनगर, तापकीरनगर, रहाटणी, थेरगाव, सगळीकडून लोक आलेले दिसतात. मागे भिंतीला टेकून उभे असलेले काही जण तिसऱ्या पाळीचे आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यांनी मध्येच उठून जायला अजिबात हरकत नाही. व्याख्यान नंतर लिहून काढलं जाणार आहे, ते सवडीने वाचता येईल.

विषय आहे सरकारी कल्याणकारी योजनांचा इतिहास आणि त्यातल्या सुधारणा. या विषयाची एक ठरलेली गोष्ट आहे, ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पूर्वी योजना होत्या, पण पैसा वाटेतच झिरपायचा. दिल्लीतून निघालेल्या रुपयातले जेमतेम पंधरा पैसे गरिबापर्यंत पोचतात, असं राजीव गांधींनीच १९८५ साली म्हटलं होतं. मग आधार आलं, जनधन खाती आली, पैसा थेट खात्यात जाऊ लागला, दलाल बाजूला पडला. झाली सुधारणा!

ही गोष्ट खोटी नाही. खात्यात पैसे आल्याचा मेसेज मोबाईलवर येतो आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, हे लहानसहान नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टीत पैसा कसा पोचतो ते आहे. पण तो देणं कुणाचं लागतं, कोणत्या कायद्याने लागतं, आणि नाही मिळाला तर दाद कुठे मागायची, हे तिच्यात कुठेच नाही. आपल्या महाराष्ट्राने एकेकाळी या प्रश्नांची फार चांगली उत्तरं दिली होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती उत्तरं हळूहळू बाजूला सरकली, आणि त्या सरकण्यालाच आपण सुधारणा म्हणू लागलो. आज आम्हाला एवढंच मांडायचं आहे.

आधी तीन जुने कायदे बघू.

पहिला आपल्या पगारपत्रकातला, ईएसआय. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. इंग्लंडमध्ये बेव्हरिजचा गाजलेला अहवाल त्याच्या दोनच वर्षं आधी आला होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत तो पहिल्यांदा लागू झाला. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे, पण तत्त्व तेच आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. यातून दवाखाना, आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम, अपघातात अपंगत्व आलं तर पेन्शन.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जाताना कामगाराला तू गरीब आहेस का असं कुणी विचारत नाही. त्याचे हप्ते भरलेत का, एवढंच बघतात. गरिबी सिद्ध करायला लावणं आणि हप्त्याचा हिशेब बघणं यात माणसाच्या मानेचा फरक आहे. एकात ती खाली जाते, दुसऱ्यात ताठ राहते.

दुसरा कायदा माथाडींचा, १९६९ चा. हमालाचा मालक कोण? सकाळी एका गाळ्यावर पोती उचलली, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रक भरला तिसऱ्याचा. तिघेही म्हणणार, हा आमचा माणूस नाही. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईत माथाडी संघटित झाले आणि हा कायदा झाला. इकडे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत १९५५ पासून याच प्रश्नावर उभी होती. कायद्याने काय केलं? मंडळ नेमलं. त्यावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार. मालक दिवसातून तीनदा बदलला तरी देणं बुडत नाही, कारण तिघांचं देणं एकाच ठिकाणी जमा होतं. आज घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोरांचा मालक कोण, असा प्रश्न जगभर विचारला जातोय. महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी त्याचं एक उत्तर काढून ठेवलेलं आहे.

तिसरा कायदा रोजगार हमीचा. याच्याबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण या सभागृहातल्या अनेकांच्या घरात त्याची आठवण असेल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६९ साली याचा प्रयोग करून बघितला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मिलो, सुकडी, खडी फोडणं, हे शब्द मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या आजी-आजोबांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. दुष्काळ सरला, पण योजना बंद झाली नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता. केंद्राने असा कायदा केला तो २००५ साली, म्हणजे आपल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

पण हमीला पैसा कुठून? इथे या कायद्याचं खरं शहाणपण आहे. १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकावर ‘पी.टी.’ म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तोच हा. त्याच्या जोडीला वाहनांवर, बागायतीवर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर कर आणि उपकर. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. म्हणजे पिंपरीच्या कारखान्यात नोकरी करणारा फिटर आणि भूम-परांड्याच्या माळावर बांध घालणारी बाई यांच्यात कायद्याने एक नातं जोडलं. शहराने गावाचं देणं मान्य केलं. त्यात शहराचा स्वार्थही होता, दुष्काळातले लोंढे मुंबई-पुण्यावर येऊ नयेत हा. असू द्या स्वार्थ. देणं लेखी होतं, हे महत्त्वाचं.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं असं सांगायला आलात का? तसं नाही. रोजगार हमीत बोगस हजेरीपट होते, फोडलेली खडी वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून राहायची, मजुरी महिनोन्‌महिने रखडायची. माथाडीच्या नावाखाली चाकण पट्ट्यात खंडणी मागणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर पोलिसांना कारवाया कराव्या लागल्या, आणि खऱ्या माथाडींची बदनामी झाली. ईएसआयच्या रांगेत अख्खा दिवस गेल्याचं इथे अनेक जण सांगतील. दोष होते आणि आहेत. पण दोष काढायचा म्हणजे देणंच पुसून टाकायचं असं होत नाही.

आणि नेमकं तेच झालं. कसं, ते रेशनच्या उदाहरणाने बघू.

१९९७ पर्यंत रेशन सगळ्यांना होतं. त्या वर्षी केंद्राने ‘लक्ष्यनिर्धारित’ व्यवस्था आणली, म्हणजे गरीब कोण ते आधी ठरवा आणि मग त्यालाच द्या. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिकेचे तीन रंग झाले. पिवळं, केशरी, पांढरं. तर्क सरळ होता, श्रीमंताला स्वस्त धान्य कशाला? पण या एका पावलाने माणसाची ओळख बदलली. तो नागरिक होता, आता उत्पन्नाचा दाखला झाला. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला, तो चांगला कायदा आहे, कारण त्याने धान्य हा हक्क केला. पण महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली शहरात वर्षाला ५९,००० रुपये आणि गावात ४४,०००.

शहरातला आकडा बाराने भागा. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. आणि सरकारच कारखान्यातल्या अकुशल कामगाराला जे किमान वेतन ठरवून देतं, ते याच्या दुपटीहून जास्त आहे. आता बघा गंमत. एका खात्याचा कायदा म्हणतो, यापेक्षा कमी पगार दिलात तर गुन्हा. दुसऱ्या खात्याचा नियम म्हणतो, यापेक्षा जास्त मिळवलंस तर तू गरीब नाहीस. ज्या कामगाराला कायद्याप्रमाणे किमान वेतन मिळतं, तो नियमाने रेशनबाहेर. मग रेशन टिकवायचं तर एकतर त्याचा मालक कायदा मोडणार, नाहीतर तो स्वतः दाखल्यावर खोटं उत्पन्न सांगणार. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारी व्यवस्था ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द कोणत्या तोंडाने वापरते?

त्यात पुन्हा इष्टांक. राज्यात सुमारे सात कोटी लोकांनाच या कायद्याखाली धान्य मिळणार, आणि तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर या पट्ट्यात किती वस्ती वाढली ते आपण डोळ्यांनी बघतोय. परिमंडळ कार्यालयात ‘इष्टांक संपलाय’ हे वाक्य ऐकलं नाही असा भाडेकरू काळेवाडीत शोधावा लागेल. इष्टांक संपला म्हणजे काय? भूक मोजण्याआधीच ताटं मोजून ठेवली.

भाडेकरूचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडमधली एक जुनी गोष्ट सांगतो. तिथे १६६२ साली एक कायदा झाला. गरिबाला मदत मिळेल, पण फक्त त्याच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या त्याच्या मूळ गावात. माणूस कामासाठी दुसरीकडे गेला आणि तिथे आजारी पडला, बेकार झाला, की त्याला उचलून मूळ गावी पाठवायचे. कारखाने उभे राहिले, लाखो माणसं शहरांकडे गेली, तरी हा नियम बराच काळ तग धरून होता. कष्ट इथे घ्यायचे आणि जबाबदारी तिथे ढकलायची.

काळेवाडीत काय वेगळं चाललंय? लातूर, धाराशिव, बीड, बुलढाणा, तिकडे उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडची माणसं इथे एक-दीड गुंठ्यावरच्या इमारतींत दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. इमारत परवानगीची नसेल तर मालक भाडेकरार करून देत नाही, आणि करार नाही तर पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही तर इथलं कार्ड नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही यातली खरी सुधारणा आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. २०१९ साली गुजरात-महाराष्ट्र आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून ती सुरू झाली, आणि गावचं कार्ड असलेला माणूस इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. पण ज्याचं नाव गावच्या कार्डातून कमी झालं आणि इथल्या इष्टांकात बसलं नाही, त्याचं काय? ‘एक देश’ त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

आता सगळ्यांच्या मनात असलेल्या योजनेकडे येऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा, महिन्याला १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आम्ही या योजनेची चेष्टा करणाऱ्यांतले नाही. ज्या बाईच्या नावावर कधी काही नव्हतं तिच्या खात्यात स्वतःचे दीड हजार रुपये येतात, त्यातून गॅस येतो, पोराची फी जाते. खात्यापिऱ्या घरातल्या माणसांनी त्याला ‘फुकट’ म्हणणं आम्हाला पटत नाही. दिवसभर घरात राबणारी बाई फुकट काय घेते?

पण टीका करायचीच तर ती नीट जागी करू. ही योजना शासन निर्णयाने आली, कायद्याने नाही. रोजगार हमी काढून टाकायची तर विधानसभेत हात वर करावे लागतात. शासन निर्णय बदलायला दुसरा शासन निर्णय पुरतो. नावं आली तशी छाननीत गेलीही. ज्या बहिणीचं नाव गेलं तिने जायचं कुठे? तक्रार करायची सोय असते, पण तक्रार आणि हक्क यात अंतर आहे. हक्क असला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. नावातसुद्धा बघा. कायद्यात ‘व्यक्ती’ असते, ‘कामगार’ असतो. इथे ‘लाडकी’ आहे. आणि लाडकं कोण, हे लाड करणाऱ्याने ठरवायचं असतं.

याच्या शेजारी संजय गांधी निराधार योजना ठेवा. १९८० साली सुरू झालेली. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजार झालेले, अशांसाठी. २०२३ साली तिची रक्कम १,५०० केली, तेवढीच. पण बहुतेक निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा बराच काळ राहिली वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. एकीकडे अडीच लाख, दुसरीकडे एकवीस हजार, आणि रक्कम सारखी. जिला कुणीच नाही तिची झडती जास्त कडक! हे एखाद्या सरकारने दुष्टपणे ठरवलं असं आम्ही म्हणत नाही. एका योजनेवर दुसरी योजना रचत गेलं आणि खालची कुणी वाचलीच नाही, की असं होतं.

या दोन टोकांच्या मधले काही कायदेही आहेत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला. त्यात देणेकरी पक्का आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर. पिंपरी-चिंचवडभर जे मनोरे उठतायत त्या प्रत्येकातून तो निघतो. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तो कोण देणार? मग दाखल्याचा वेगळा बाजार होतो. आणि मिळतं काय, तर लोकांच्या लक्षात राहतो तो भांड्यांचा संच. भांडी वाईट नाहीत हो. पण मजल्यावरून पडलेल्या माणसाच्या घरी आधी काय पोचायला हवं होतं?

घरेलू कामगारांचा २००८ चा कायदा तर आणखी बोलका आहे. मंडळ आहे, नोंदणी आहे, पण माथाडी कायद्यातली मुख्य गोष्ट, मालकावरची लेव्ही, तीच त्यात उतरली नाही. वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत काळेवाडीतून रोज सकाळी चालत जाणाऱ्या बायकांचं देणं त्या सोसायट्या लागत नाहीत. ते सरकारच्या मर्जीवर सोडलंय. म्हणून त्या मंडळाकडे कधी पैसा असतो, कधी नसतो.

आणि कारखान्याच्या आत? तिथे देणेकरी नाव बदलून पळतो. एकाच लाईनवर, एकाच मशीनवर, तिघे जण तीन रंगांच्या शर्टात. एक कायम, एक ठेकेदाराचा, एक ट्रेनी. अप्रेंटिस कायद्याखालचा मुलगा ईएसआयच्या व्याख्येतच बसत नाही, कारण त्याला मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन. बोट मात्र प्रेसखाली तसंच जातं. ठेक्यावरच्याला आजारपणाची रक्कम हवी तर सहा महिन्यांत अठ्ठ्याहत्तर दिवसांचे हप्ते भरलेले हवेत. ब्रेक दिला, ठेकेदार बदलला, मधले हप्ते भरलेच नाहीत, की दिवस भरत नाहीत. शिवाय २१,००० ची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ ची. पगार तिच्या थोडा वर गेला की विमा गेला. खात्यात थेट पैसे टाकणारी कोणतीही योजना ही जागा भरू शकत नाही. दीड हजारात हात बसवून मिळत नाही.

मग सुधारणा म्हणजे काय? आमच्या मते कोणतीही योजना समोर आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. हे देणं कुणाचं, आणि त्याच्याकडून वसूल होतं का? माणूस जिथे राबतो तिथे ते मिळतं का? नाही मिळालं तर ठराविक दिवसांत उत्तर देणं कुणावर बंधनकारक आहे का?

या तीन प्रश्नांवरून पुढची कामं आपोआप दिसतात. रेशनची उत्पन्नमर्यादा किमान वेतनाला बांधा, म्हणजे वेतन वाढेल तशी तीही वाढेल. पगारपत्रक, ईएसआयचा नंबर, मुलाच्या शाळेचा दाखला हे राहण्याचा पुरावा म्हणून धरा; घरमालकाच्या मर्जीवर माणसाचं अन्न ठेवू नका. घरेलू कामगारांसाठी सोसायटीच्या देखभाल खर्चातूनच लेव्ही घ्या. जेवण आणि सामान पोचवणाऱ्यांसाठी २०२० च्या संहितेत कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद आहे. ती वसूल करायला माथाडी मंडळासारखी रचना आपल्याकडे तयार आहे. आणि महिन्याचे दीड हजार द्यायचे असतील तर कायदा करून द्या. राजस्थानने २०२३ साली सामाजिक सुरक्षा पेन्शन कायद्यात घातली, दरवर्षी पंधरा टक्के वाढीसकट. अंमलबजावणी कशी होते तो पुढचा प्रश्न, पण निदान मागायला कागद आहे.

पैसा कुठून, असं विचारलं जाईल. विचारायलाच हवं. १९७५ साली महाराष्ट्र आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता, नुकताच दुष्काळातून उठला होता, आणि त्याने पगारदारांवर, वाहनांवर, बागायतीवर कर बसवून हमी दिली. तेव्हा योजना आणि तिचा कर एकत्र जाहीर होत. आता योजना मोठ्या अक्षरात जाहीर होते आणि तिचा खर्च कुणी उचलायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून निवडणूक सरली की पहिली कात्री तिच्यावरच चालते.

या पट्ट्यातला कामगार दर महिन्याला व्यवसाय कर भरतो, ईएसआय भरतो, दुकानात प्रत्येक वस्तूवर जीएसटी भरतो. त्याने स्वतःला लाभार्थी म्हणवून घ्यायचं काही कारण नाही. तो हक्कदार आहे. पुढच्या वेळी एखाद्या योजनेचा फॉर्म हातात आला, तर कागदपत्रांची यादी वाचण्याआधी वर कोपऱ्यात बघा. कोणत्या कायद्याचं नाव आहे, की नुसताच शासन निर्णयाचा क्रमांक? त्यावरून ती योजना किती दिवस आपली आहे याचा बराचसा अंदाज येतो.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न विचारायला अर्धा तास ठेवला आहे. तिसऱ्या पाळीच्या मंडळींनी आधी विचारावेत, म्हणजे त्यांची बस चुकणार नाही.